पहिला प्रश्न कोणी विचारायचा?

"तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?"

हा प्रश्न आपल्या घरांत कोणी कोणाला विचारत नाही. जेवलास का, झोप झाली का, पगार झाला का, त्या स्थळाचं काय झालं, हे सगळं विचारून होतं. तरुण मुलगा आठवडा आठवडा खोलीबाहेर पडत नसेल, तर "काय झालंय तुला?" इथवर मजल जाते. तो "काही नाही" म्हणतो आणि विचारणाऱ्यालाही सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं असतं तर पुढे काय करायचं, हे त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

हा लेख त्या "हो"च्या पुढचा आहे. कुठे जायचं, गेल्यावर तिथे काय होतं, पैसे किती लागतात, पोलीस येतात का, गोळ्या कायमच्या लागतात का, या साध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नसल्यामुळे घरंच्या घरं गप्प राहतात.

हे वाचताना ज्यांच्या मनात तो विचार आत्ता, याच दिवसांत घोळतो आहे, त्यांच्यासाठी आधी एवढं: १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला सांभाळणं हाताबाहेर चाललंय असं वाटत असेल तर एकटे राहू नका. रूममेट असो, शेजारच्या काकू असोत, जे कोणी जवळ असेल त्यांना नुसतं "माझ्याजवळ बसा" म्हणा आणि त्यांच्याबरोबर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, नाहीतर ११२ किंवा १०८ लावा. लेख नंतर वाचला तरी चालेल.

दरवर्षी १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, "बोला, मन मोकळं करा" अशी आवाहनं होतात. हेतू चांगलाच असतो. पण त्यात सगळा भार सगळ्यांत थकलेल्या माणसावर पडतो. ज्याला सकाळी उठून तोंड धुण्याचं बळ उरलेलं नाही, त्यानेच योग्य माणूस हेरायचा, योग्य वेळ साधायची, शब्द जुळवायचे आणि समोरचा घाबरला तर त्यालाही सावरायचं. मला हे मान्य नाही. विचारण्याचं काम भोवतालच्या माणसांचं आहे. विचारून झाल्यावर टिकून राहण्याचं कामही त्यांचंच आहे.

विचारायला लोक कचरतात ते एका भीतीपोटी: आपण विचारलं आणि नसलेला विचार डोक्यात शिरला तर? ही भीती मी शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे. तिची रीतसर तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नाही, त्यांच्या मनात नवे विचारही आले नाहीत. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्याने थोडं हलकंच वाटलेलं दिसलं.

तेव्हा विचारायचं, आणि सरळ विचारायचं. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. खोली, मेस, अभ्यासिका आणि पुन्हा खोली. गावाकडून फोन आला की "चाललंय". या मुलांचं खरं काय चाललंय हे आईवडिलांना दिसत नाही, ते दिसतं शेजारच्या कॉटवरच्या मित्राला. त्याने म्हणावं, "अरे, महिनाभर बघतोय, मेसला येत नाहीस, रात्रभर जागा असतोस. सरळ विचारतो, राग मानू नकोस. जगूच नये असं वाटतं का कधी?" शेतातल्या घरात लेकाने म्हणावं, "आबा, कर्जाचं आपण बघू. आधी मला सांगा, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" आईने मुलीला विचारताना आधी "मी रागावणार नाही" हे म्हणायला हवं आणि ते खरं करायला हवं. सुनेला सासूने विचारलं तर खरं उत्तर मिळेलच असं नाही, कारण दुखणं कधी कधी त्याच घरात असतं. तिथे नणंद, शेजारीण, माहेरची बहीण किंवा गावातली आशाताई जास्त उपयोगी पडते.

उत्तर "हो" आलं की आपल्या तोंडून आपोआप जे बाहेर पडतं, ते आवरायचं. "आईबापाचा तरी विचार कर." "तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढलेत लोकांनी." "माझ्या गळ्याची शपथ घे, पुन्हा असं बोलणार नाहीस." शपथेने विचार थांबत नाही, बोलणं तेवढं थांबतं. शिवाय तो विचार पुन्हा आला की शपथ मोडल्याची टोचणी वर येऊन बसते. "का? असं का वाटतं तुला?" ही उलटतपासणीही नको, त्या क्षणी कारण त्यालाही नीट सांगता येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६ सालासाठीचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेला एक तरुण कोकणच्या किनाऱ्यावर जानकी या बाईच्या आसऱ्याला येतो. ती त्याला नावगाव न विचारता राहू देते, खाऊ घालते, तो बोलेपर्यंत थांबते. मराठी पडद्यावर या विषयाकडे इतक्या सबुरीने पाहिलेलं क्वचितच दिसतं.

"सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हटलं तरी पहिल्या मिनिटाला पुरतं. त्यानंतर मात्र आणखी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात: आजही तो विचार आहे का, आणि काही ठरवलं आहे का? ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, ज्याने इजा होऊ शकेल ते घरातून हलवायचं, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. "ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल" हे आपल्याकडे ठाम विधान म्हणून ऐकवलं जातं. ते खरं नाही. टोकाची उबळ अनेकदा काही तासांत ओसरते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल आणि माणूस शेजारी असेल, तर बहुतेक जण वाचतात आणि पुढे जगतात. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र द्यायचं नाही. "तुला विचारल्याशिवाय चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मदत मी बोलावणारच," हे आधीच सांगून टाकावं.

०००

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. दिवसाला ६२ माणसं. देशभरात दर दहांमध्ये सात पुरुष. त्याच अहवालात कारणांचा तक्ता असतो: कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, परीक्षेतलं अपयश १.२ टक्के. हा तक्ता पोलिसांच्या नोंदीवरून तयार होतो आणि एका मृत्यूपुढे एकच कारण येतं. माणसाच्या आयुष्यात ते तसं कधीच नसतं. कर्ज असतं, दोन वर्षं न ओळखलेलं नैराश्य असतं, दारू असते, भावाशी बोलणं बंद झालेलं असतं, आणि त्या रात्री घरात कोणी नसतं. "नापास झाल्याने विद्यार्थ्याने जीवन संपवले" हा मथळा म्हणूनच चुकीचा आणि धोक्याचाही आहे. नापास झालेला दुसरा मुलगा तो वाचतो आणि आपल्यापुढेही तोच एक रस्ता आहे असं समजतो. बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारली. ती पाळली जाताना फारशी दिसत नाहीत. कारणं अनेक असतात याचा दुसरा अर्थ असा, की अडवायच्या जागाही अनेक असतात. मला त्या जागांविषयी बोलायचं आहे.

पहिली जागा बहुधा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. तिथे कोणी "मला जगावंसं वाटत नाही" असं म्हणत नाही. झोप लागत नाही, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, असं सांगितलं जातं. त्यात खोटं काही नसतं. नैराश्य अंगातूनही बोलतं. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देतात, पेशंट आग्रहाने सलाईन लावून घेतो, आणि महिन्याभराने तोच पेशंट त्याच तक्रारी घेऊन परत येतो. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती मराठीतही आहे आणि भरायला पाच मिनिटं पुरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. वारंवार येणाऱ्या अशा प्रत्येक पेशंटला ही नऊ वाक्यं विचारली जावीत, एवढी अपेक्षा गावातल्या कोणत्याही डॉक्टरकडून ठेवायला हरकत नाही.

त्यापुढचं दार मानसोपचाराच्या ओपीडीचं. ही सोय जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये तपासणी आणि उपचार मोफत आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. या गावांची नावं आपण टोमण्यासाठी वापरतो. "याला येरवड्याला पाठवा" हे वाक्य शाळेच्या वर्गातही ऐकू येतं. तिथल्या ओपीडीत रोज येणारी माणसं मात्र तपासून घेतात, गोळ्या घेतात आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जातात. बंद दाराआडचं आयुष्य त्यांच्या वाट्याला येत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं? डॉक्टर झोप, भूक, काम, दारू-तंबाखू, घरातले आजार, आधी असं कधी झालं होतं का, हे विचारतात. सरकारी ओपीडीत गर्दी असते, वेळ थोडा मिळतो, मागे रांग असते, आणि नेमकं सांगायचं ते घशात अडकतं. म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहून न्यावं. किती दिवसांपासून, दिवसातून कधी, काय मनात येतं, काही करून झालं आहे का. "मला मरावंसं वाटतं" हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर तो कागद टेबलावर सरकवावा. डॉक्टर वाचतात. सोबत आलेले नातेवाईकच सगळं बोलायला लागले तर "मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे" असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयतेचा अधिकार दिलेला आहे.

गोळ्यांविषयी इतके समज आहेत की सरळ सांगून टाकतो. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता जाणवते आणि गुण काहीच दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत लोक औषध सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायला हवं, कारण काहींच्या बाबतीत अस्वस्थता आणि तसे विचार त्या काळात वाढू शकतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. दारूसारखं व्यसन या औषधांचं लागत नाही, पण ती एकदम बंदही करायची नसतात. हळूहळू उतरवावी लागतात. सगळ्यांनाच ती जन्मभर लागतात हेही खरं नाही.

आणि पहिला डॉक्टर पटला नाही तर दुसरा शोधायचा. कोणी "एवढं काय त्यात, लग्न करून टाका" असं ऐकवलं, तर तो सल्ला त्या एका माणसाचा असतो. त्यावरून सगळं शास्त्र निकामी ठरत नाही. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्याला शिक्षण काय झालंय हे विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. यात संकोच कशाला? गवंडी ठरवतानाही आपण चार घरं पाहून येतो.

फोनची वाट ही ज्यांना घराबाहेर पडणंच शक्य नाही त्यांच्यासाठी. टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. बंगळुरूची निम्हान्स ही त्यामागची मुख्य संस्था. फोन लावल्यावर आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून आहे. पुण्यात 'कनेक्टिंग' आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. दारू हाच ज्या घरातला मोठा फास आहे, त्यांच्यासाठी पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून काम करतं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच.

०००

हे सगळं मोठ्या शहरांत ठीक आहे, खेड्यात काय, असा प्रश्न येतो. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी ८५ च्या आसपास माणसं उपचारांविना आढळली. तज्ज्ञ तयार होण्याची वाट पाहायची तर दोन पिढ्या जातील.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी याचं उत्तर दिलेलं आहे, आणि ते आपल्याकडे जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं गेलेलं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भाचं नाव देशभर झालं, त्याच विदर्भात 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. ते घराघरांत, चावडीवर, बचत गटाच्या बैठकीत जाऊन ताण, झोप, दारू, निराशा यांवर बोलायचे आणि जो खचलेला दिसेल त्याला धीर द्यायचे. त्यांच्यावर समुपदेशक होते. तेही तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, पण ठरलेल्या पद्धतीने काही बैठकांचे उपचार करायला शिकलेले होते. फार गंभीर अवस्थेतल्या माणसांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. प्रकल्पाच्या आधी त्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत होते. अठरा महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्के झाला. वर्षभरात आत्महत्येचा विचार आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाचंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी सहापट माणसं मदतीपर्यंत पोचली हे उरतंच. डॉक्टरांची संख्या सहापट न होता पोचली.

शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने याच्या जोडीचं काम केलं आणि तिथे तुलनेचा गट ठेवलेला होता. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची काळजी, दुसऱ्याला तिच्या जोडीला सहा ते आठ भेटी, त्याही मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांबरोबर. या भेटींत काय असतं? माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो: पारावर जाणं, मुलाला शाळेत सोडणं, भजनाला बसणं. जितकं सोडतो तितकं मन आणखी बुडतं. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून सुटलेल्या गोष्टींतली एखादी छोटी गोष्ट या आठवड्यासाठी ठरवतो, पुढच्या भेटीत काय झालं ते विचारतो, अडलं तर दुसरी वाट काढतो. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते. दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

महाराष्ट्र सरकारनेही २०१५ नंतर शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला आणि आशा कार्यकर्त्यांना घरोघरी पाठवलं. दिशा बरोबर आहे. पण आशाताईच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग आणि सतरा प्रकारची सर्वेक्षणं आधीच आहेत. माणसाचं दुःख ऐकून घेणं हे पूर्ण काम आहे. त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळं मानधन द्यावं लागेल.

०००

स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलामुलींविषयी थोडं सावकाश बोलायला हवं, कारण इथे घरच्यांकडून सगळ्यांत जास्त गैरसमज होतो.

उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे, गॅदरिंगला जायचं टाळणं, जखमेबद्दल विचारलं की "मांजराने ओरबाडलं" असं ठरलेलं उत्तर. एक दिवस आईच्या लक्षात येतं. मग रडारड, एखादी थप्पड, मोबाइल जप्त, खोलीची कडी काढून टाकणं, मामा-मावश्यांना फोन, आणि "लक्ष वेधून घ्यायला नाटकं करते" हा निकाल. आईचा जीव उडालेला असतो, तिलाही दोष देता येत नाही. पण लक्ष वेधायचं असतं तर ती इतके महिने लपवत का बसली असती?

अशा बहुतेक मुलांना त्या क्षणी मरायचं नसतं. आत भावनांचा कल्लोळ असह्य झालेला असतो, किंवा काहीच जाणवेनासं झालेलं असतं, आणि शरीराच्या वेदनेने तेवढ्यापुरती सुटका मिळते. सुटका मिळते म्हणून ती सवय होते. म्हणजे हे निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. पुढे आत्महत्येचा धोका अशा मुलांमध्ये जास्त असतो, म्हणून प्रत्येक वेळी गांभीर्याने घ्यायचं आणि तज्ज्ञाकडे न्यायचंच. पण नेताना शिक्षा म्हणून न्यायचं नाही. आधी जखमेची काळजी घ्यायची, शांतपणे. मग म्हणायचं, "इतकं सहन करत होतीस, आम्हाला कळलं नाही. आता आपण मिळून बघू."

यावर सगळ्यांत जास्त अभ्यासलेले उपचार घडवले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे डीबीटी. भावनेची लाट आली की ती ओसरेपर्यंत स्वतःला इजा न करता कसं तगायचं, रागाला आणि लाजेला ओळखायचं कसं, भांडण न करता हवं ते मागायचं कसं, ही कौशल्यं त्यात पोहायला शिकवावं तशी सरावाने शिकवतात. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करत होत्या, मरण मागत होत्या. ज्या नरकातून त्या बाहेर आल्या, तिथून इतरांना बाहेर काढण्याची शपथ त्यांनी घेतली होती. हे उपचार देणारे आपल्याकडे अजून थोडे आहेत आणि मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तरी मुलीच्या डॉक्टरांना "डीबीटीची कौशल्यं शिकवणारं कोणी आहे का?" हे विचारता येतं.

०००

पोलिसांची भीती अजून घराघरांत आहे. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला की घरचे रुग्णालयात "चुकून झालं" असं सांगतात. त्यामुळे जखमेवर उपचार होतात, मनावर होत नाहीत.

या भीतीला आधार होता आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाचा. त्याविरुद्धचा एक मोठा आवाज मुंबई उच्च न्यायालयातून उठला. अपघातात जखमी होऊन मानसिक आजार जडलेला एक पोलीस शिपाई महापालिकेच्या कार्यालयाबाहेर जीव द्यायला निघाला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांनी त्या प्रकरणात हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नाही, उपचाराची गरज असते, ही त्या निकालामागची भूमिका होती. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम रद्दबातल केलं, पण १९९६ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला तेव्हा चित्र पालटलं. त्याच्या ११५ व्या कलमानुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही. सरकारी सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब घेतला जातो, ही प्रक्रिया अजून होते. तिला घाबरून खरं लपवू नका. डॉक्टरांना खरं कळलं तरच ते मानसोपचारतज्ज्ञाला बोलावतील. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. दावा नाकारला तर २१ व्या कलमाकडे बोट दाखवता येतं.

डिस्चार्ज मिळतो तो दिवस घरच्यांना संकट टळल्याचा वाटतो. खरं तर पुढचे काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. घरात कोणी त्या विषयाचं नाव काढत नाही, आणि तो माणूस त्या शांततेत एकटा फिरत राहतो. अशा दिवसांसाठी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी एका कागदावर मावणारी सुरक्षा योजना तयार केली. बरं वाटत असताना ती आपल्या हाताने, कोणाच्या तरी मदतीने लिहायची असते. विचार येऊ लागले हे मला कशावरून कळतं. तेव्हा एकट्याने काय करता येतं: अंघोळ, चालणं, अभंग ऐकणं, काहीही. कुठे जाऊन बसलं की मन दुसरीकडे वळतं. कोणाला थेट सांगू शकतो, त्याचा नंबर. डॉक्टर आणि हेल्पलाइन, त्यांचे नंबर. आणि घरात काय ठेवायचं नाही, ते कोणाकडे द्यायचं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी योजना आणि त्यानंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांतल्या आत्महत्येच्या प्रयत्नांसारख्या घटना सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळल्या.

पाठपुराव्याचा एक मोठा पुरावा तर आपल्याही देशातून आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या तातडीच्या विभागांत हा प्रयोग केला. त्यांतलं एक शहर चेन्नई होतं, जिथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' ही संस्था सुरू केलेली आहे. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांशी निघताना तासभर बोलणं झालं आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा कोणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन "कसे आहात?" असं विचारलं. अठरा महिन्यांअखेर आत्महत्येने दगावलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२ टक्के.

त्यांचं वेळापत्रक असं होतं: पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. आपल्या प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टीजवळ एक रजिस्टर, एक फोन आणि हेच काम नेमून दिलेला एक माणूस ठेवला तर हे उद्या सुरू होऊ शकतं. येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या आमदाराला, जिल्हा शल्यचिकित्सकाला, रुग्ण कल्याण समितीला विचारायचं असेल तर हे विचारा: आपल्या रुग्णालयातून गेल्या महिन्यात घरी गेलेल्या अशा माणसांना पहिल्या आठवड्यातला फोन कोणी केला?